इंग्रजी ‘टेक’ कसं शिकावं: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

शब्दकोशात ‘टेक’ उघडलंत तर अर्थांचे रकानेच्या रकाने दिसतात. ते पाठ करायला बसू नका. कंटाळा तर येईलच, शिवाय कोणी ‘हाऊ लाँग डझ इट टेक?’ असं विचारलं की पाठ केलेल्यातलं काहीही ऐनवेळी आठवणार नाही.

एका क्रियापदाला ढीगभर अर्थ असणं मराठी माणसाला खरं तर नवीन नाही. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, आंबा गोड लागतो, बस लागते आणि तो माझा चुलत काका लागतो. हे तुम्हाला कोणी तक्ता करून शिकवलं नाही, वाक्यांतून अंगवळणी पडलं. ‘टेक’ही तसंच शिकायचं आहे. फक्त आपल्यासमोर एक वेगळी अडचण असते. आपल्याकडे ‘घेणे’ आहे. ते निम्म्या वाटेपर्यंत इमानाने सोबत करतं आणि पुढे भलत्याच गल्लीत नेऊन सोडतं. ती वाट नेमकी कुठे फुटते, ते आधी पाहायला हवं.

पायरी १: रूपं पक्की करा

टेक, टुक, टेकन. ‘टुक’ हा ‘बुक’सारखा ऱ्हस्व. ‘आय हॅव टुक’ असं कधीच होत नाही, ‘आय हॅव टेकन’ होतं. एवढंच पाठांतर.

‘टेकन’ हे रूप एकटंही भेटतं. ‘इज धिस सीट टेकन?’ म्हणजे ‘इथे कोणी बसलंय का?’ इथे पुष्कळजण हसून ‘येस, येस’ म्हणतात. त्यांना म्हणायचं असतं ‘बसा की’. समोरचा मात्र जागा भरलेली आहे असं समजून पुढे निघून जातो. जागा रिकामी असेल तर उत्तर ‘नो’.

पायरी २: ‘घेणे’ जिथे जसंच्या तसं चालतं ते आधी उचला

हा फुकटचा माल आहे. शपथ घेणे, श्वास घेणे, भाग घेणे, बदला घेणे, आसरा घेणे, दखल घेणे, लाच घेणे, कर्ज घेणे, जबाबदारी घेणे, वळण घेणे, रस घेणे. या प्रत्येकाला इंग्रजीत ‘टेक’ लागतं. कष्ट घेणे यालासुद्धा ‘टेक पेन्स’ आहे. इथे फक्त ‘अ’ कुठे येतो आणि कुठे येत नाही याकडे डोळा ठेवा. ‘टेक ॲन ओथ’, ‘टेक अ लोन’, ‘टेक अ डीप ब्रेथ’. पण ‘टेक पार्ट’, ‘टेक रिव्हेंज’, ‘टेक शेल्टर’. यामागे नियम शोधण्यात वेळ घालवू नका, शब्दजोडी अख्खीच लक्षात ठेवा.

निर्णय घेणे हे ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘टेक अ डिसिजन’ असंही चालतं. अमेरिकेत ‘मेक अ डिसिजन’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. कोणी ‘टेक’ला चूक म्हटलं तर मनावर घेऊ नका.

‘टेक केअर’ म्हणजे काळजी घे, आणि निरोप देतानाही ते आपल्यासारखंच वापरतात. त्याला ‘ऑफ’ जोडला की सांभाळणं येतं. ‘शी टेक्स केअर ऑफ हर ग्रँडफादर’, म्हणजे आजोबांचं सगळं तीच बघते. ‘आय विल टेक केअर ऑफ इट’ म्हणजे ‘ते माझ्याकडे लागलं, मी बघतो’. आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’? ‘डोन्ट टेक टेन्शन’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण देशाबाहेर ते कानाला खटकतं. तिथे ‘डोन्ट वरी’ म्हणा.

पायरी ३: इंग्रजीत ‘टेक’ आहे, मराठीत नाही

आता वाट फुटते.

आपण फोटो काढतो, इंग्रज तो ‘टेक’ करतो. ‘काढणे’चा शब्दशः अर्थ धरून ‘प्लीज रिमूव्ह माय फोटो’ म्हटलंत तर समोरचा फोटो पुसून टाकेल किंवा भिंतीवरून उतरवेल.

आपण परीक्षा देतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. ब्रिटनमध्ये ‘सिट’ही म्हणतात. ‘आय गेव्ह द एक्झाम’ हे वाक्य अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाने तिथल्या प्राध्यापकांसमोर उच्चारलं, तर त्याचा अर्थ ‘मी परीक्षा घेतली’ असा होतो, म्हणजे पार उलट. ‘टेक अ क्लास’चीही अशीच गंमत आहे. आपल्याकडे वर्ग घेतात ते शिक्षक, पण अमेरिकेत ‘आय ॲम टेकिंग अ क्लास’ म्हणणारा सहसा बाकावर बसलेला असतो.

वेळ आपल्याला ‘लागतो’. ‘इट टेक्स टू अवर्स’ म्हणजे दोन तास लागतात. या वाक्यातला ‘इट’ कोण, हे विचारू नका. त्याचं भाषांतर होत नाही, पण तो गाळता मात्र येत नाही. ‘लागणे’च्या या एका अर्थासाठी ‘टेक’ डोळे मिटून वापरा. ‘इट टेक्स पेशन्स’, धीर लागतो. ‘इट टेक्स मनी’, पैसा लागतो.

नेणे हेही ‘टेक’च. ‘टेक द चिल्ड्रन टू स्कूल’, मुलांना शाळेत ने. आपल्याला ‘ने’ आणि ‘आण’ यांतला भेद बाळपणापासून येतो, तोच ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’मध्ये आहे, इथून तिकडे ‘टेक’, तिकडून इकडे ‘ब्रिंग’. त्याच जोरावर ‘टेक ॲन अम्ब्रेला’ म्हणजे छत्री घेऊन जा. ‘घे’ आणि ‘ने’ या दोन्हींची कामं इंग्रजी एकाच शब्दावर भागवते.

बाकीचे भराभर: ‘टेक द बस’ म्हणजे बसने जाणे, ‘टेक अ सीट’ म्हणजे बसा, ‘टेक अ वॉक’ म्हणजे फेरफटका मारणे, ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे, ‘टेक टर्न्स’ म्हणजे पाळीपाळीने करणे. ‘डू यू टेक शुगर?’ हा प्रश्न चहा हातात देण्याआधीचा असतो, साखर घालू का? ‘डू यू टेक कार्ड्स?’ म्हणजे कार्डाने पैसे चालतात का? ‘द हॉल टेक्स टू हंड्रेड पीपल’, सभागृहात दोनशे माणसं मावतात. ‘आय कान्ट टेक इट एनी मोअर’, आता सहन होत नाही. ‘आय टेक इट यू आर कमिंग’, तू येतोयस असं धरून चालतो.

पायरी ४: मराठीत ‘घेणे’ आहे, इंग्रजीत ‘टेक’ नाही

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात आणि पुस्तकं नेमकं हेच सांगत नाहीत, कारण ती मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात.

‘काल मी साडी घेतली.’ इथे ‘आय टुक अ सारी’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, कुठून तरी उचलून आणली. विकत घेतली असेल तर ‘बॉट’. फ्लॅट घेतला, गाडी घेतली, भाजी घेतली, सगळीकडे ‘बॉट’. दुकानात उभं राहून ‘आय विल टेक धिस वन’ म्हणणं मात्र बरोबर आहे. तिथे तुम्ही निवड सांगत असता, ‘हा द्या’.

‘केस कापून घेतले’, ‘रक्त तपासून घेतलं’, ‘गाडी दुरुस्त करून घेतली’. या ‘करून घेणे’ला इंग्रजीत ‘गेट’ किंवा ‘हॅव’ लागतं: ‘आय गॉट माय हेअर कट’. ‘टेक’ इथे अजिबात चालत नाही.

शिक्षण घेणे म्हणजे ‘गेट ॲन एज्युकेशन’. सभा घेणे म्हणजे ‘होल्ड अ मीटिंग’. भेट घेणे म्हणजे साधं ‘मीट’. शोध किंवा झडती घेणे म्हणजे ‘सर्च’. पेट घेणे म्हणजे ‘कॅच फायर’. समजून घेणे म्हणजे ‘अंडरस्टँड’. अशी यादी वहीच्या मागच्या पानापासून स्वतःच वाढवत जा. दुसऱ्याची आयती यादी यात फारशी कामाची नाही. कोणती चूक आपल्या तोंडात बसली आहे ते आपल्यालाच ठाऊक असतं.

पायरी ५: शेपटीकडे लक्ष द्या

‘टेक’ला ऑफ, ऑन, अप, इन, आउट असा छोटा शब्द जोडला की नवं क्रियापद तयार होतं. याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना बहुतेकदा ‘रिमूव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘रिझेंबल’, ‘रिट्रॅक्ट’ हे जड शब्द ठाऊक असतात, कारण ते धड्याखालच्या शब्दार्थांत असतात. त्याच अर्थाचे ‘टेक ऑफ’, ‘टेक इन’, ‘टेक आफ्टर’, ‘टेक बॅक’ मात्र बोलण्यात आले की गोंधळ उडतो. अर्जात जड शब्द ठेवा, बोलताना हलके. दाराशी पाहुण्याला ‘प्लीज रिमूव्ह युअर शूज’ म्हणणं म्हणजे भिंतीवरची पाटी वाचून दाखवण्यातला प्रकार.

खुद्द ‘टेक’ही इंग्रजीत बाहेरून आलं आहे. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ होतं. जर्मन ‘नेहमेन’ हे त्याचंच भावंड. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या ‘टाका’ने त्याला हुसकावून लावलं. (ऐकायला आपल्या ‘टाका’सारखं, पण नातं काही नाही.) ‘निमन’ची खूण ‘नम’ म्हणजे बधिर या शब्दात उरली आहे. ज्याची संवेदना घेतली गेली, तो ‘नम’.

आता एकेक शेपटी. सुरुवात ‘आउट’पासून करा, कारण ते मराठीच्या फार जवळ आहे. इंग्रज कर्ज ‘टेक आउट’ करतो, आपण कर्ज काढतो. तो विमा ‘टेक आउट’ करतो, आपण विमा काढतो. साहेबांचा राग घरच्यांवर काढणे म्हणजे ‘टेक इट आउट ऑन द फॅमिली’. तिन्ही ठिकाणी आपलं ‘काढणे’ बसतं. इतकं नशीब प्रत्येक शेपटीत नाही, तेव्हा जिथे आहे तिथे त्याचा फायदा करून घ्या. शिवाय ‘टेक हर आउट फॉर डिनर’, तिला बाहेर जेवायला नेणं. आणि खाणं बांधून नेणं: अमेरिकेत ‘टेकआउट’, ब्रिटनमध्ये ‘टेकअवे’, आपल्याकडे पार्सल.

‘ऑन’ म्हणजे अंगावर घेणे. काम अंगावर घेणं, प्रतिस्पर्ध्याला शिंगावर घेणं, माणूस कामावर घेणं, जहाजाने प्रवासी किंवा माल घेणं, सगळं ‘टेक ऑन’. इथेही ‘वर’ आहेच.

‘ऑफ’मध्ये एखादी गोष्ट ज्याला चिकटून होती त्यापासून सुटते. चप्पल पायापासून, विमान धावपट्टीपासून, किमतीतून पन्नास रुपये, कामाच्या आठवड्यातून एक दिवस. यांतले तीन अर्थ चित्र डोळ्यांपुढे आणलं की कळतात. चौथाही, म्हणजे ‘टेक अ डे ऑफ’, थोडं थांबलं की कळतो. धंद्याने जोर धरला यालाही ‘टुक ऑफ’ म्हणतात, तो विमानाकडून उसना आणलेला अर्थ. चप्पल कोणीतरी काढतं, म्हणून तिथे कर्म हवं. विमान स्वतः उडतं, म्हणून तिथे कर्म नको: ‘द प्लेन टुक ऑफ’.

‘बॅक’ सोपं. शब्द मागे घेणे म्हणजे ‘टेक बॅक व्हॉट आय सेड’. सदरा परत करायला दुकानात गेलात तर ‘आय टुक इट बॅक टू द शॉप’. दुकानदाराने तो परत घेतला तरी ‘ही टुक इट बॅक’. कोण आणि कुठे, ते वाक्य सांगतं.

‘इन’ म्हणजे आत घेणे. भटक्या कुत्र्याला घरात आसरा देणं, शिंप्याने कुडता कमरेत आत घेणं, ऐकलेलं डोक्यात शिरणं. इथवर ठीक. पण ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे मी फसलो. हा अर्थ चित्रातून निघत नाही, तो वाक्यासकट लक्षात ठेवा.

‘अप’ सगळ्यात बेभरवशाचा. ‘टेक अप स्विमिंग’ म्हणजे पोहण्याचा छंद सुरू करणे. ‘इट टेक्स अप स्पेस’ म्हणजे जागा अडवते. ‘टेक अप द मॅटर’ म्हणजे प्रकरण हाती घेणे. शिंप्याकडे ‘टेक अप’ म्हणजे पँटची उंची कमी करणे. आणि कोणी ‘कधीही घरी या’ म्हणाल्यावर ‘आय विल टेक यू अप ऑन दॅट’ म्हटलंत तर ‘येणार हं, सोडणार नाही’ असा अर्थ. यांना एका सूत्रात बांधायचा खटाटोप मी तरी करणार नाही.

‘डाउन’ म्हणजे लिहून घेणे, फलक उतरवणे किंवा टाकलेली पोस्ट काढून टाकणे. ‘ओव्हर’ म्हणजे ताबा किंवा कारभार हाती घेणे. त्याची आपल्या रस्त्यांवरच्या ‘ओव्हरटेक’शी गल्लत नको, तिथे गाडी मागे टाकायची असते. ‘आफ्टर’साठी मराठीत इतकं चपखल काही आहे की इंग्रजी शिकवावंच लागत नाही. ती आईच्या वळणावर गेली आहे: ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’. ‘टू’ म्हणजे पाहताक्षणी आवडणं, आणि वाईट सवयीच्या बाबतीत नादी लागणं: ‘ही टुक टू ड्रिंकिंग’. ‘फॉर’ म्हणजे समजणं: ‘डू यू टेक मी फॉर अ फूल?’, मला काय खुळा समजलास?

‘टेकन अबॅक’ ऐकलंत तर चकित होणे हा अर्थ. हा शब्द शिडाच्या जहाजांवरून आला. वारा अचानक समोरून आला की शिडं डोलकाठीवर मागे दाबली जात आणि जहाज जागीच अडकत असे.

पायरी ६: ‘इट’ कुठे ठेवायचं

‘टेक ऑफ युअर शूज’ आणि ‘टेक युअर शूज ऑफ’ दोन्ही बरोबर. पण शूजच्या जागी ‘देम’ आला की तो मध्येच हवा: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ म्हणता येत नाही. आउट, ऑन, बॅक, डाउन, ओव्हर यांनाही हाच नियम. ‘टेक आफ्टर’ आणि ‘आवडणे’ अर्थाचं ‘टेक टू’ मात्र कधी फुटत नाहीत: ‘टेक आफ्टर हिम’, ‘टेक टू हिम’. याचा सराव तोंडी करा. लिहून तो तितकासा बसत नाही.

पायरी ७: नाम झालं की जोर सरकतो

‘टेक ऑफ’ क्रियापद असेल तर आवाजाचा जोर ‘ऑफ’वर. विमानाचं ‘टेकऑफ’ हे नाम असेल तर ‘टेक’वर. ‘टेकओव्हर’, ‘टेकअवे’ यांचंही तेच. नुसतं ‘टेक’ही नाम होतं. चित्रीकरणातला ‘टेक’ आणि ‘रीटेक’ आपल्याला माहीत आहेतच. ‘व्हॉट्स युअर टेक ऑन धिस?’ म्हणजे यावर तुझं म्हणणं काय.

पायरी ८: वही आणि कोश

वहीत ‘टेक अप: सुरू करणे’ असं लिहू नका. स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य लिहा: ‘माय ब्रदर टुक अप तबला ॲट फॉर्टी’. कोश घ्यायचा तर परभाषिक शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या, ज्यात प्रत्येक अर्थाला उदाहरण असतं. हा प्रकार रुजवणाऱ्यांपैकी एक असलेले ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. त्यांचा कोश १९४२ साली तिथेच निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने तो जगभर नेला. इंग्रजी घरात न बोलणाऱ्याला कुठे अडतं, हे त्यांनी वर्गात पाहिलेलं होतं.

पायरी ९: हा उतारा मराठीत सांगून बघा

‘आय टुक द डे ऑफ टू टेक माय मदर टू द हॉस्पिटल. इट टुक अस ॲन अवर. अ यंग नर्स टुक हर ब्लड प्रेशर अँड टुक डाउन हर डिटेल्स. माय मदर टुक टू द नर्स ॲट वन्स. द नर्स आस्क्ड, “डझ युअर सन टेक आफ्टर यू?” माय मदर सेड, “नो, ही टेक्स टू लाँग ओव्हर एव्हरीथिंग.”’

उत्तरं क्रमाने: सुट्टी घेतली, न्यायचं होतं, लागला, तपासला, लिहून घेतली, आवडली, वळणावर गेलाय, वेळ लावतो. या उताऱ्यात ‘टेक’च्या मागून येणारे तीन ‘टू’ बघा. पहिल्या वेळी दोघांच्या मध्ये माणूस आहे, ‘टेक माय मदर टू’, म्हणून ते नेणं. दुसऱ्या वेळी मध्ये कोणी नाही, ‘टुक टू द नर्स’, म्हणून ते आवडणं. तिसरा ‘टू’ उच्चाराने सारखा असला तरी तो ‘लाँग’ला चिकटलेला ‘फार’ या अर्थाचा शब्द आहे, ‘टेक’शी त्याचा संबंध नाही.